बिल्डिंग कुणाच्या हाती द्यावी

मी जन्माची भित्री. शाळेत शिकवत होते तेव्हा मुलांची सहल न्यायची म्हटलं की आठवडाभर आधीपासून मी रात्री उठून मुलांची यादी मोजायची, आणि सगळी मुलं आपापल्या आयांच्या ताब्यात जाईपर्यंत मोजतच राहायची. कुकरची शिट्टी लांबली तरी मी ओट्यापासून मागं सरते. आमच्या संसारात भ्यायचं काम माझ्याकडं होतं आणि निभावून न्यायचं काम आमच्या ह्यांच्याकडं. हे फौजेत होते. आमच्या माण तालुक्यात फौजेतून परत आलेल्या कुणालाही लोक मेजरच म्हणतात, हुद्दा काहीही असो. तर मेजर भीत नसत आणि मी भीत असे, आणि त्यात आमचं बरं चाललं होतं.

निवृत्त झाल्यावर ह्यांनी मलकापुरात जागा घेतली आणि तिच्यावर तीन मजली बिल्डिंग उठवली. आमच्याकडं पाऊस पडला तर पडला, त्याच्या भरवशावर म्हातारपण काढायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मलकापूर कऱ्हाडला लागूनच, आसपास कॉलेजं. शिकणाऱ्या मुली, एखादं नोकरदार जोडपं, असे भाडेकरू मिळत गेले आणि खोल्या कधी रिकाम्या राहिल्या नाहीत. हे मोटरसायकलवरून जायचे, बॅरेकची तपासणी करावी तशी गच्चीपासून खालपर्यंत बिल्डिंग बघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. मी कधी विचारलं नाही की तिथं काय काय करावं लागतं. विचारलं असतं तर झोप उडाली असती.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. बऱ्याच दिवसांनी दोन शब्द परत आले, ‘हां’ आणि ‘न्हाय’. पण तेही धड नाहीत. ‘हां’ म्हणायचं असताना तोंडातून ‘न्हाय’ निघतं आणि मग ते स्वतःवरच चिडून डाव्या हातानं पलंगाची कड बडवतात. त्यांच्या औषधाचा, मालिशवाल्याचा, सगळा खर्च त्या बिल्डिंगवर. म्हणजे ती विकायची नाही आणि सांभाळायची तर कुणी, हा प्रश्न माझ्या पुढ्यात येऊन बसला.

काही महिने मी फोनवरून बिल्डिंग सांभाळली. सांभाळली म्हणजे काय, तर फोन वाजला की दचकायचं. मोटर जळाली. दुसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. खालच्या जोडप्यात रात्रभर भांडण चाललंय, मावशी तुम्ही येऊन समजवा. मी इकडं माणात, ह्यांना कूस बदलून देत, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरून म्हणायची, बघते हं, बघते. काय बघणार होते? आपल्या बिल्डिंगीत आत्ता काय चाललंय हे मला कळत नव्हतं, आणि एक दिवस तिथं काहीतरी भयंकर होईल आणि मला ते शेवटी कळेल, असं मनानं घेतलं होतं.

पुण्याची मुलगी म्हणायची, “आई, मॅनेजर ठेव. सगळे ठेवतात. तू कशाला जीव जाळतेस?”

मॅनेजर शब्दानं मला जास्तच घाम फुटला. माझ्याबरोबर नोकरी केलेल्या एका बाईंनी साताऱ्याचं घर असंच एकाला बघायला दिलं होतं. त्यानं आधी आपला मेहुणा आणून ठेवला, मग मेहुण्याचं बिऱ्हाड, आणि आता त्या बाई स्वतःच्या घरासाठी कोर्टात तारखा करताहेत. मी ह्यांना विचारलं, “मॅनेजर ठेवायचा का हो?” ते म्हणाले, “न्हाय.” मी म्हटलं, नको? तर कड बडवायला लागले. “मग ठेवायचा?” परत “न्हाय.” डोळ्यांत पाणी. मी विषय बंद केला. त्यांना काय म्हणायचं होतं हे मला आजही माहीत नाही.

शेवटी पुतण्यानं एका माणसाचा नंबर दिला. कऱ्हाड-मलकापुरात पुष्कळ बिल्डिंगी त्याच्याकडं होत्या. फोनवर आवाज असा दमदार की मी फोन कानापासून जरा लांब धरला.

“काकू, तुमी कशाला घाबरताय? मी बसलोय न्हवं हितं. चाव्या माज्याकडं द्या आन् तुमी मेजरांकडं बगा. कुनाची टाप न्हाई उलटं बोलायची.”

मला नेमकी त्याचीच भीती वाटली. ज्याच्यापुढं बोलायची कुणाची टाप नाही, त्याच्यापुढं उद्या माझी तरी कुठून असणार? पण दुसऱ्या बाजूला रोजचा फोन होता. म्हटलं, एकदा समोरासमोर बघू, बिल्डिंगीत फिरू आणि तिथंच काय ते हो किंवा नाही सांगून टाकू. जावेला ह्यांच्यापाशी बसवलं आणि सकाळच्या एसटीनं निघाले. वडूज मागं पडलं की रान हळूहळू हिरवं होत जातं. बाकीच्यांना ते बघून बरं वाटत असेल. मला प्रत्येक वळणावर परत फिरावंसं वाटत होतं.

दिवस थंडीचे होते. बिल्डिंगच्या मागं उसाचं रान आहे आणि थंडीत तिथं गुऱ्हाळ चालतं. गुळाचा गोड वास सगळ्या आळीत भरलेला असतो. पण गुऱ्हाळाच्या भट्टीत जळण म्हणून चिपाडं घालतात, रस काढून वाळवलेला ऊस. त्याची काळी, हलकी राख धुराड्यातून उडते आणि दिवसभर घराघरांवर पडत राहते. मी गेटातून आत गेले तोवर माझ्या पातळावर काळे ठिपके पडले होते. बिल्डिंगच्या खिडक्या सगळ्या बंद. दोरीवर एक कपडा नाही.

तो आधीच येऊन उभा होता. पंचेचाळीशीचा, अंगानं भरलेला, पांढरा शर्ट, कमरेला चाव्यांचा जुडगा. पाया पडला. मला तेही नको होतं. पाया पडणाऱ्या माणसाला नाही म्हणणं फार अवघड.

आम्ही खालून वर निघालो. तो भिंतीवर थाप मारत चालला होता, बैलबाजारात जनावराच्या पाठीवर मारतात तशी. “बांदकाम लय भारी केलंय मेजरांनी. पर भाडेकरू लाडावून ठेवल्यात. ह्या खोलीत दोगी ऱ्हात्यात. हितं चार मावत्यात, काकू. आन् हे खालचं भांडखोर जोडपं पयलं बाहेर काढायचं.”

“त्यांना लहान मूल आहे,” मी म्हणाले.

“मूल समद्यांनाच असतंय.” तो हसला. वाईट हसला नाही, मोकळाच हसला, आणि म्हणून मी जास्त घाबरले. ह्या माणसाला कशाचंच काही वाटत नव्हतं. माझ्या मनात आलं, आपण ह्याला चाव्या दिल्या तर घरी निवांत झोपू, आणि ह्या बिल्डिंगीत कोण रडतंय हे आपल्याला पुन्हा कधीच कळणार नाही. आणि लाज वाटायला हवी, पण तेव्हा मला ते हवंहवंसं वाटलं.

दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर आमचं बोलणं अडलं. त्याला सगळ्या खोल्यांच्या दुसऱ्या चाव्या हव्या होत्या आणि भाडेकरू ठेवायचा-काढायचा पूर्ण अधिकार. मी म्हणत होते, विचारून सांगते. तो म्हणत होता, “कुनाला इचारनार? मेजर तर…” आणि तो थांबला. तेव्हा पायरीवरून पाणी खाली येताना दिसलं. फार नाही. एक बारीक ओघळ, कोमट. माझ्या चपलेखाली आला तेव्हा मला ऊब लागली.

“बगा,” तो म्हणाला, “ह्यो माज. पानी सोडून बसायचं. असलं मी एका दिवसात बंद करतो.” आणि तो गच्चीवरचा कॉक बंद करायला निघाला.

पाणी कोपऱ्यातल्या खोलीतून येत होतं. तिथं फार्मसीच्या दोन मुली राहायच्या. दार उघडंच होतं. एक मुलगी कानात वायरी घालून कॉटवर अभ्यास करत बसली होती, पाठ आमच्याकडं. मला बघून दचकली, वायरी काढल्या, आणि मग तिनं फरशीवरचं पाणी बघितलं.

“अगं, दुसरी कुठंय?” मी विचारलं.

“अंघोळीला गेलीय, मावशी.”

“कधी गेलीय?”

ती उठून बाथरूमचं दार वाजवायला लागली. नाव घेऊन हाका मारायला लागली. आतून पाण्याचा आवाज येत होता, एकसारखा. बादली भरली, की ओतली, की पुन्हा भरायला लावली, असा अंघोळीच्या पाण्याचा आवाज तुटत तुटत येतो. हा तुटत नव्हता. मी किंचाळले असणार, कारण तो माणूस वरच्या जिन्यावरून धावत खाली आला.

“दार फोडा,” मी म्हणाले.

तो दारापर्यंत गेला आणि उभा राहिला. “काकू, आत पोरगी हाय. अंघोळीला बसल्याली. म्या बाप्यानं दार फोडून आत…”

“फोडा म्हणते ना!”

इतक्या मोठ्यानं मी शाळेतही कधी ओरडले नव्हते. त्यानं खांदा लावला. पण दार हललं नाही. सगळीकडं बाथरूमला फायबरची दारं असतात, आमच्या ह्यांनी मात्र लोखंडी चौकट आणि जाड पत्र्याचं दार बसवलेलं, आतून जाड कडी. मुलींची जात आहे, दार कसं भक्कम पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. तो धडका देत होता आणि पत्रा नुसता वाजत होता. त्या आवाजानं खालचं मूल रडायला लागलं.

मला तिथं उभं राहवेना. मी गॅलरीत पळाले. बाथरूमचा झरोका गॅलरीकडं उघडतो. तिथून आत दिसेल असं मला वाटलं. पण झरोका दिसतच नव्हता. त्यात पोतं कोंबलेलं होतं, घट्ट, फटीफटीतनं जुन्या ओढणीच्या चिंध्या भरलेल्या. कोपऱ्यातला केरसुणीचा दांडा घेऊन मी ते ढोसलं. काही विचार करून केलं असं नाही, मला फक्त बघायचं होतं. पोतं आत पडलं आणि वाफेचा लोट बाहेर आला. आत गॅसच्या गिझरची निळी ज्योत जळताना दिसली आणि भिंतीला टेकलेलं एक डोकं दिसलं, मान एका बाजूला पडलेली.

मी तिथूनच ओरडले, “पडलीय! पडलीय ती!”

त्यानंतर त्यानं लाथा घातल्या. कडी वाकली, दार अर्धं उघडलं, त्या फटीतून मैत्रीण टॉवेलनं मोरी तुंबून साचलेल्या पाण्यात शिरली आणि तिनं तिच्यावर चादर टाकली. त्यानं मान फिरवून, डोळे भिंतीकडं ठेवून, त्या पोरीला चादरीसकट ओढून गॅलरीत आणलं. मी तिच्याशेजारी बसले. तिचा चेहरा फिका नव्हता, लालसर होता, जणू उन्हातून आलीय. मी तिच्या छातीला कान लावला. धडधड ऐकू येत होती, पण ती माझ्याच कानातली होती, आणि तिची त्यात आहे की नाही हे मला कळेना. त्या वेळी जी भीती वाटली ती आजवरच्या कुठल्याच भीतीसारखी नव्हती. मला पळून जायचं होतं. खरं सांगते, त्या पोरीला तिथं टाकून, एसटी पकडून, माणात जाऊन दार लावून घ्यायचं होतं.

मग ती खोकली.

खालच्या भांडखोर जोडप्यातला नवरा गाडी घेऊन आला. मूल बायकोकडं देऊन, अनवाणी. त्याच गाडीतून आम्ही तिला कऱ्हाडच्या एका दवाखान्यात नेलं. नाकाला ऑक्सिजन लावला. डॉक्टर पोरगेलेसे होते. ते म्हणाले, गॅसचा गिझर बंद जागेत जळत राहिला की हवेत विष तयार होतं, त्याला वास नाही, रंग नाही, माणसाला झोप आल्यासारखं होतं आणि तो पडतो. आणखी थोडा वेळ गेला असता तर काही खरं नव्हतं. “बाथरूमला झरोका नव्हता का?” त्यांनी विचारलं.

मैत्रीण रडत रडत सांगत होती. “राख येते, मावशी. अंघोळ करून उभं राहावं तर अंगावर पुन्हा काळं. पाण्यात पण पडते. म्हणून आम्ही पोतं घातलं. आमच्या गावाकडं पण गुऱ्हाळ लागलं की झरोक्यात घालतात सगळे.”

घालतात. माझ्या सासूबाईंच्या माहेरी, ऊसवाल्या गावात, मीही बघितलं होतं. पण तिथं पाणी बाहेर परड्यात बंबावर तापायचं आणि बादलीनं न्हाणीत यायचं. झरोका बंद केला तर फार तर कोंदट व्हायचं. जाळ न्हाणीत आला तो अलीकडं, पोतं मात्र पूर्वीचंच राहिलं.

दुपारी पोरगी शुद्धीवर आली. उलट्या झाल्या, डोकं दुखतंय म्हणाली. जतकडून तिचे वडील येत होते. त्यांना तोंड कसं दाखवायचं ह्या विचारानं मी बाकावर बसून होते. शेजारी तो मॅनेजर होऊ बघणारा माणूस. पांढऱ्या शर्टाला राख, पाणी, खांद्यापाशी रक्त. कुणीतरी चहा आणून दिला. त्यानं कप न पिताच खाली ठेवला.

“काकू,” तो म्हणाला. आवाज सकाळचा नव्हता. “मला न्हाई जमायचं. तुमी दुसरं कुनीतरी बगा.”

मी त्याच्याकडं बघितलं.

“माज्याकडं एवड्या बिल्डिंगी हायत. समद्या बाथरूमांत ग्यासचं गिझर हायत. म्या एकदाबी आत डोकावून बगितलं न्हाई. भाडं आलं की झालं, न्हाई आलं तर सामान बाहेर. आज म्या वरचा कॉक बंद करून खाली आलो असतो, तुमच्यासंगं चा पिऊन निगून गेलो असतो.” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “माजी पोरगी हिच्याच वयाची हाय, काकू. सांगलीला ऱ्हाती. अशीच खोली घेऊन.”

खिशातून फोन काढून त्यानं मुलीला लावला. तिनं उचलला नाही. पुन्हा लावला. मग तो उठला आणि चालायला लागला, मला नमस्कारसुद्धा न करता. कपातला चहा तसाच राहिला.

पोरीचे वडील आले तेव्हा मी उभी राहिले. धनगरी फेटा, खांद्यावर घोंगडं, हातात पिशवी. मी काय झालं ते सांगत होते, ते माझ्याकडं न बघता मुलीच्या पायाचा अंगठा धरून उभे होते. शेवटी म्हणाले, “बाई, जित्ती हाय न्हवं? बास.” मी बाहेर येऊन भिंतीकडं तोंड करून रडले.

घरी येऊन ह्यांना सगळं सांगितलं. दाराचंही सांगितलं. त्यांनी डावा हात माझ्या हातावर ठेवला आणि पुष्कळ वेळ काढला नाही.

मुलीचा पुण्याहून फोन आला. ती घाबरलेली आणि घाबरली की ती माझ्यावर चिडते. “आई, आता तरी ऐक. कऱ्हाडमध्ये एक एजन्सी आहे, त्यांचं ऑफिस आहे, माणसं आहेत. कॅमेरे बसवतात. त्यांना देऊन टाक. तो तर स्वतःच पळाला ना?” तिचं बरोबर होतं. मी एजन्सीचा नंबर घेतला. त्यांच्या बाईंशी बोललेही. फार गोड बोलल्या. कशाचंही टेन्शन घेऊ नका, आमच्याकडं आजवर कधी काही झालेलं नाही, म्हणाल्या. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला, आणि माझ्या अंगावर काटा आला. त्या बाईंना कसलीच भीती नव्हती. त्यांनी अजून ते डोकं भिंतीला टेकलेलं बघितलं नव्हतं.

निदान दाराच्या दुरुस्तीचा माणूस विचारावा म्हणून मी त्या पळून गेलेल्या माणसालाच फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला. मी कोण ते सांगितलं तसं तिचं बोलणं सुटलं.

“आवं बाई, काल काय झालंय त्यास्नी? रातीपास्नं धड जेवलं न्हाईत. पोरीला सांगलीस्नं घरी आनलंय. आन् आज उजाडल्यापास्नं हातोडी घिऊन फिरत्यात. ज्या त्या बिल्डिंगीत शिरायचं, दार वाजवायचं आन् न्हाणीच्या झरोक्याच्या काचा फोडायच्या. फडकी उपसून रस्त्यावर टाकत्यात. लोक भांडायला लागल्यात आमच्या दारात येऊन. फोनबी हितंच टाकून गेल्यात.”

मी खाली बसले. पदर तोंडाला लावला, कारण हसू येत होतं की रडू हे मला समजत नव्हतं. एवढ्या मोठ्या अंगाचा माणूस हातोडी घेऊन दारोदार पळतोय. मी आयुष्यभर जशी पळत आले तसा. आता त्याला प्रत्येक बंद दाराच्या मागं काहीतरी ऐकू येणार.

“ते आले की त्यांना सांगा,” मी म्हणाले, “आमच्या बिल्डिंगच्या चाव्या घेऊन मी उद्या येते. सगळ्या चाव्या. बिल्डिंग त्यांनीच बघायची.”

“आवं पर ते तर म्हनत्यात, ह्ये कामच सोडतो. मला आता लय भ्या वाटतंय म्हनत्यात.”

“म्हणूनच,” मी म्हणाले.